तीन संगम, एक बेट

समाजमाध्यमांवर सध्या बेटांचा हंगाम आहे. कोणी अंदमानला, कोणी बालीला, कोणी मॉरिशसला. निळे पाणी, नारळाची झाडे आणि समोर ताटभर मासे. माझ्या चुलतबहिणीने सलग नऊ छायाचित्रे टाकली आणि खाली मला विचारले, "तुम्ही कुठल्या बेटावर?" मी लिहिले, "बह्याच्या." तिला नाव कळले नाही. सांगलीत वाढलेल्या पुष्कळांना ते ठाऊक नसते, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

आजचा धागा त्या बेटाचा. नेहमीप्रमाणे सनावळ्या आहेत, थोडी तक्रार आहे आणि खाणे बरेच आहे. लांबलेला आहे, तेव्हा वाटीत काहीतरी घेऊन बसावे.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, मी आणि आबा साताऱ्याहून सकाळी निघालो. आबा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानावर त्यांनी आयुष्यभर दिवाणजी म्हणून काम केले. २०२१ च्या पुरानंतर ते माझ्याकडे साताऱ्याला राहतात. सांगलीचे घर बंद आहे. त्या संध्याकाळी घर पाहायला एक गिऱ्हाईक येणार होते, म्हणून सांगलीला जायचेच होते. मी म्हटले, सरळ महामार्गाने अडीच तासांत पोहोचण्यापेक्षा नदीच्या काठाकाठाने दिवसभर जाऊ. आबांनी नदीचे नाव ऐकल्यावर थोडा वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "जाऊ. पण जेवणाची वेळ चुकवायची न्हाई."

एक गोष्ट आधीच कबूल करते. त्या घराच्या मधल्या खोलीत भिंतीवर तीन काळ्या रेघा आहेत. पोत्यांवर आकडे टाकायच्या रंगाने आबांनी त्या ओढल्या आहेत : २००५, २०१९, २०२१. प्रत्येक रेघेशेजारी तारीख आणि पाणी त्या उंचीला पोहोचल्याची वेळ. गिऱ्हाईक येण्याआधी त्या भिंतीवर रंगाचा एक हात मारून घ्यावा, असे मी आठवडाभर आधी सुचवले होते. त्यावर आबा काहीच बोलले नव्हते. इतिहासाचे धागे लिहिणाऱ्या बाईची ही सूचना होती, हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

पहिला संगम माहुलीचा, साताऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर. येथे वेण्णा कृष्णेला मिळते. एका काठावर क्षेत्र माहुली, दुसऱ्या काठावर संगम माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथले. विश्वेश्वराचे काळ्या दगडाचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी अठराव्या शतकात बांधले. १८१७ मध्ये दुसरा बाजीराव आणि जॉन माल्कम यांची भेट माहुलीतच झाली. पुढच्या वर्षी पेशवाई संपली. एवढा इतिहास असूनही माहुलीला येणारी मुले सर्वांत आधी शोधतात ती कुत्र्याची समाधी.

ती खरोखरच आहे. शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका आहे. ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला. त्यातही शाहूने कुत्र्याला जरीचा पोशाख आणि दागिने घालून दरबारात आणल्याचा, त्याला पालखी आणि जहागीर दिल्याचा उल्लेख आहे. डफ हे लिहितो तेव्हा त्याच्या मनात थोडा उपहास असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. एका मानकऱ्याचा तोरा उतरवण्यासाठी हा देखावा होता, अशीही कथा आहे; तसे असेल तर तो लहरीपणा नव्हता, राजकारण होते. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेला आणि १७४९ पर्यंत राज्य करणारा माणूस अगदीच भोळा असणे अवघड आहे.

आबांनी समाधीपुढे पेढ्याची पुडी सोडली. एक पेढा त्यांनी दगडावर ठेवला आणि इकडेतिकडे पाहून पुन्हा उचलून खाल्ला.

कंदी पेढ्याविषयी एक दुरुस्ती येथेच करते. इंग्रज साहेबाने पेढा चाखून त्याला आपल्या भाषेत 'कँडी' म्हटले आणि त्याचे 'कंदी' झाले, ही गोष्ट साताऱ्यात आवडीने सांगतात. साहेबाची गरज नाही. फारसीत 'कंद' म्हणजे साखर, आणि मराठीत हा शब्द साहेब येण्याच्या कितीतरी आधी फारसीच्या वाटेने येऊ शकत होता. खुद्द इंग्रजी 'कँडी' अरबी-फारसीतून गेलेली आहे, आणि त्या फारसी 'कंद'चे मूळ संस्कृत 'खण्ड' मानतात. म्हणजे शब्द आपल्याकडूनच निघाला, जग हिंडला आणि आपण मात्र पाहुण्याचा म्हणून त्याचे कौतुक करत बसलो. खवा खरपूस भाजल्याने येणारा तपकिरी रंग आणि कमी गोडी ही त्याची खरी ओळख. त्यासाठी व्युत्पत्ती लागत नाही.

दुसरा संगम कराडचा. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकत्र वळतात. नद्या अशा एकमेकींच्या अंगावर धावून येऊन भेटताना क्वचित दिसतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. रविवार असल्याने बागेत गर्दी होती. गावात आदिलशाही काळातील मशिदीचे दोन उंच मनोरे आहेत, आणि 'नकट्या रावळ्याची विहीर' या विलक्षण नावाची पायऱ्यांची विहीर आहे. पण कराडचे मला सर्वांत आवडणारे अवशेष कराडात नाहीतच. मध्य प्रदेशातल्या भरहुत येथील स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत 'करहकट' नगरीचे दान आहे. करहकट म्हणजे कराड. इसवी सनापूर्वी शंभर-दीडशे वर्षे या गावचे लोक इतक्या दूरच्या स्तूपाला दान देत होते. ते कठडे आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. कराडच्या माणसाने तिथे जाऊन आपल्या गावाचे नाव वाचावे, यासारखी सहल नाही.

आबांचे लक्ष कोयनेकडे होते. "ही साधी दिसती," ते म्हणाले, "पण सांगलीला निम्मं पाणी हिचंच." कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. पावसाळ्यात तिथून विसर्ग वाढला, की सांगलीत माणसे आकाशाकडे पाहणे सोडून आयर्विन पुलाकडे पाहू लागतात. तो पूल १९२९ चा. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. आमच्या गल्लीत लहान मुलांना पाढ्यांच्या आधी हे दोन आकडे येतात.

कराडच्या पुढे उसाचा मुलूख. रस्त्यालगत एक गुऱ्हाळ चालू होते. चुलवाणात चिपाडे सारली जात होती, काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या फेसाच्या रंगावरून पाक ओळखत होता. त्याने पळसाच्या पानावर गरम गूळ दिला, वर पेलाभर रस. आबांनी काकवीची बाटली घेतली. मग दुपारी इस्लामपूरच्या अलीकडे एका ढाब्यावर अख्खा मसूर आणि भाकरी. (इस्लामपूरचे नाव आता ईश्वरपूर झाले आहे, ढाब्याच्या पाटीवर मात्र जुनेच होते.) अख्खा मसूर ही या पट्ट्याची मिरासदारी आहे. मसूर अख्खाच ठेवायचा, कांदा-लसणाचे तिखट सढळ घालायचे आणि वर तेलाचा तवंग दिसला पाहिजे. पुण्यात याच नावाने जे मिळते त्याबद्दल मी बोलणार नाही.

आणि मग बेट.

बहे हे वाळवा तालुक्यातले कृष्णाकाठचे गाव. येथे नदी दुभंगते, दोन अंगांनी वाहते आणि पुन्हा एक होते. मधल्या उंचवट्यावर झाडी, रामलिंगाचे देऊळ आणि त्याच्या मागे मारुती. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक. हिवाळ्यात पाणी उतरलेले असते. काळा कातळ उघडा पडतो, त्यावर धुणी वाळत असतात आणि पोरे डोहात उड्या मारत असतात. पावसाळ्यात येथे कोणी सहलीला येत नाही.

कथा अशी सांगतात. लंकेहून परतताना श्रीराम येथे थांबले आणि शिवलिंगाची पूजा करू लागले. तेवढ्यात कृष्णेला लोंढा आला. पूजा मोडू नये म्हणून मारुती रामाच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याने दोन्ही बाहू पसरले. पाणी दोन्हीकडून निघून गेले आणि मध्ये बेट राहिले. बाहूंवरून 'बाहे', त्याचे 'बहे'. ही व्युत्पत्ती लोकांनी रचलेली असावी. गावाचे नाव आधी आणि कथा नंतर, असे बहुतेक ठिकाणी घडते. पुढचा भाग समर्थांचा. ते दर्शनाला आले, त्यांना राम दिसला पण मारुती दिसेना. मग डोहातून मूर्ती वर काढून त्यांनी ती स्थापन केली. परंपरेने हे वर्ष शके १५७३, म्हणजे इ. स. १६५१-५२.

हे अकरा मारुती नकाशावर मांडून पाहावेत. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, बहे, मनपाडळे, पारगाव, शिराळा. परंपरेने पहिला शके १५६६ चा, शेवटचा शके १५७६ चा. सगळे कृष्णेच्या खोऱ्यात आणि तिच्या आसपास, एकमेकांपासून फार लांब नाहीत. त्या वेळी हा प्रदेश आदिलशाहीत होता. ठिकाणे कशी निवडली, याविषयी हल्ली फार खात्रीने लिहिले जाते : गुप्तहेरांची ठाणी, शस्त्रांची कोठारे वगैरे. तेवढ्या खात्रीला आधार लागतो. निश्चित सांगता येते ते साधे आहे. उंब्रजचा मारुती चुना, वाळू आणि ताग यांचा आहे. असे साहित्य गावातच मिळते; त्याला राजाचा खजिना लागत नाही. आणि या अकरा जागांची यादी समर्थांची शिष्या वेणाबाई हिच्या अभंगात येते. तिचा मठ मिरजेत आहे. बालविधवा म्हणून घरात बसवली गेलेली ही बाई पुढे कीर्तन करत असे, आणि आज अकरा मारुतींची सहल काढणारी प्रत्येक बस तिच्या अभंगाच्या वाटेने जाते. बसच्या पाटीवर तिचे नाव असावे, एवढे माझे मागणे आहे.

आम्ही देवळाच्या सावलीत बसून शेंगदाणे आणि तिळगूळ खात होतो. मूर्तीचे हात पाणी थोपवण्याच्या आविर्भावात आहेत असे सांगतात. आबांनी मूर्तीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मग एकोणीस साली हा कुठं होता?"

मी काही बोलले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. आई-आबा तीन दिवस माडीवर होते. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून माणसे बुडाली, ती बातमी त्यांनी माडीवर बसून बॅटरी संपत आलेल्या फोनवर ऐकली. नंतर त्यांनाही बोटीनेच बाहेर काढले. आई बोटीत बसायला तयार नव्हती. ती त्यातून सुखरूप निघाली, पण त्यानंतर त्या घरात तिला झोप लागली नाही, आणि दीड वर्षाने ती गेली.

"सांगलीत पाणी येतं कुठं?" आबा पुढे म्हणाले. "मारुती चौकात. ह्यानं हात लावला आणि तिथल्यानं सोडून दिला."

मग मी कथा पुन्हा नीट सांगून पाहिली. पूर अडला असे ती कुठेच म्हणत नाही. तो दोन्हीकडून निघून गेला असे म्हणते. ज्यांनी ती पहिल्यांदा सांगितली त्यांनी दर पावसाळ्यात हे पाहिले असणार : मध्ये कठीण कातळ, पाणी त्याला कापू शकत नाही, म्हणून बाजूने जाते. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरच्या नदीला कारण दिले. पण पाण्याला जायला दोन्ही बाजूंना वाट मोकळी लागते. सांगलीत ती वाट आपण आपल्या घरांनी भरली आहे, आमचे घर त्यांतलेच एक.

आबांनी सगळे ऐकून घेतले. "म्हंजे चूक मारुतीची न्हाई, प्लॉट पाडणाऱ्याची," ते म्हणाले. शेंगांची टरफले त्यांनी कागदात गोळा केली, आणि निघताना घंटा वाजवली.

तरुण वाचकांसाठी एक टीप येथे टाकते, कारण दर वेळी गोंधळ होतो. बह्याच्या परिसरातच येडे मच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटलांचे गाव. १९४३ ते १९४६ या काळातील त्यांच्या प्रतिसरकारला आपण 'साताऱ्याचे' म्हणतो, आणि त्याची बरीच गावे मात्र आज सांगली जिल्ह्यात दिसतात. कारण तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, शिराळा हे साताऱ्याचे तालुके. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. म्हणून जुन्या कागदांत बहे साताऱ्यात सापडेल. कागद खोटा नाही, जिल्हा हलला आहे.

तिसरा संगम हरिपूरचा, सांगलीला लागून. येथे वारणा येते. वारणा फुगली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही आणि शहरात चढते. संगमेश्वराचे देऊळ, चिंचेची जुनी झाडे, आणि 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे हे जन्मगाव. पण आबांना हरिपूर म्हणजे पेवे.

सांगलीत हळद एवढी का विकते याचे अर्धे उत्तर हरिपूरच्या जमिनीत होते. तिथल्या मातीत खोल खड्डे खणत, तोंडाशी अरुंद आणि पोटात प्रशस्त. आत पाला-पाचट लावून हळकुंडे भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत हवा नाही म्हणून कीड नाही; माल वर्षानुवर्षे टिकत असे. व्यापारी भाव येईपर्यंत थांबू शकत, आणि थांबू शकणाऱ्या बाजाराकडे माल ओढला जातो. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचे नाही. आबा बारा वर्षांचे असताना दोरीला कंदील बांधून आत सोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. "पाच मिनिटं त्याच्याकडं बघत बसायचं," ते सांगत होते. "विझला की आमच्या पोटात गोळा यायचा. जळत राहिला की म्हातारा हमाल देवाचं नाव घेऊन उतरायचा."

२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरले आणि बहुतेक वापरातून गेली. माल आता शीतगृहांत आणि गोदामांत असतो. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर ती ज्या खड्ड्यांत मुरत असे ते बुजले होते. आबांनी एका मोकळ्या रानाकडे बोट दाखवले. मला तिथे गवताशिवाय काही दिसले नाही. त्यांना चार तोंडे दिसत होती, आणि कुणाचे कोणते तेही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. गिऱ्हाईक म्हणजे तिशीतले नवरा-बायको, बरोबर एक झोपलेले मूल. मी पुढे होऊन वरची माडी, हवा, शाळा, बाजार यांचे गुणगान सुरू केले. मधल्या खोलीत आल्यावर मी बोलत बोलत भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हे मुद्दाम केले की नाही, ते मला सांगता येणार नाही.

आबांनी मला हाताने बाजूला केले. खांद्यावरच्या पंचाने भिंत पुसली. मग खालच्या रेघेपासून सुरुवात केली : ही पाच सालची, कमरेएवढी. ही एकवीसची, छातीला. ही वरची एकोणीसची, चौकटीच्या वर. तारीख ही, वेळ पहाटे चारची. पाणी मागच्या दाराने आधी येते, पुढच्या नाही. आले की किती तासांत जिना गाठते. गॅसची टाकी आधी वर न्यायची, कपाट शेवटी. किती दिवस उतरत नाही. उतरल्यावर गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की फरशी सोडत नाही. ते बोलत असताना त्या मुलाने भिंतीचे छायाचित्र घेतले. त्याच्या बायकोने विचारले, "काका, एकोणीसला तुम्ही इथंच होता?"

"व्हय. ही आणि मी," आबा म्हणाले, आणि त्यांनी जिन्याकडे बोट केले.

त्यांनी मग पुष्कळ प्रश्न विचारले, किमतीचा एकही नाही. जाताना आबांनी त्यांच्या हातात पेढ्याची उरलेली पुडी दिली. कळवतो म्हणाले. अजून कळवलेले नाही.

आम्ही कुलूप लावले आणि बाजारातून दोन किलो भडंग घेतले. लसूण भरपूर, शेंगदाणे भाजलेले, तिखट जिभेला लागेल एवढे. परतताना आबांनी पिशवीची गाठ कासेगावच्या आधीच सोडली होती.